मधली ओळ

हॉलिस आणि जिनेव्हा ब्रँट दर शुक्रवारी दुपारी साडेचारला ‘हेरॉन’मध्ये जेवायला यायचे. संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत त्यांना जेवून घरी पोचायचं असायचं. टेबल ठरलेलं, नदीकडच्या खिडकीतलं. जेवणही ठरलेलं. दोन ताटं तळलेला कॉड मासा, कोबीची कोशिंबीर, एक वाटी बटाट्याचं सूप दोघांत, आणि शेवटी कॉफी. बारा वर्षं मीच त्यांना वाढलं. मी मार्लिस हुडाक. त्याआधीची दहा वर्षंही मी तिथंच होते, पण ती वर्षं आता कुणाच्या लक्षात असायचं कारण नाही.

हॉलिसचे डोळे अधू झाले होते. कडेकडेचं दिसायचं, पण समोर बघायला गेलं की मधोमध राखाडी डाग. चाळीस वर्षं या माणसानं मोनोंगाहेला नदीतून धुक्यात बोटीनं कोळशाचे पडाव ढकलत नेले होते, आणि आता ताटातला मासा कुठला नि बटाटा कुठला हे तो काट्यानं चाचपून बघायचा. जिनेव्हा काचेच्या कारखान्यात पगारपत्रकं करायची. कारखाना बंद झाला त्या दिवशी नऊशे माणसांचा शेवटचा पगार तिनं केला आणि एकाचाही सेंट चुकला नाही, हे हॉलिस ज्याला त्याला सांगायचा. घरातले सगळे कागद, बिलं, बँक तिच्याकडे. हॉलिसच्या खिशात कार्ड सोडाच, पाकीटही नसायचं.

तेव्हा आमच्याकडे जुनी रीत होती. जेवण झालं की मी बिल काळ्या फोल्डरमध्ये घालून टेबलावर ठेवायचे. जिनेव्हा त्यात आपलं कार्ड खोचायची. मी ते आत नेऊन मशीनवर घासायचे आणि पावतीच्या दोन प्रती, एक पेन, असं सगळं परत आणून द्यायचे. पावतीवर तीन ओळी असतात. वरच्या ओळीत जेवणाची रक्कम छापलेली. मधली ओळ टिपेसाठी मोकळी. खाली एकूण बेरीज आणि सही, तीही गिऱ्हाइकानंच लिहायची. गिऱ्हाईक लिहून उठून जातं. मग मी मशीनपाशी जाऊन मधल्या ओळीतला आकडा टाकते आणि तेवढे पैसे कार्डावरून वळते होतात. म्हणजे शेवटचा आकडा टाकणारं बोट माझं, आणि तेव्हा गिऱ्हाईक घरी पोचलेलं असतं.

जिनेव्हा मधली ओळ कशी भरायची ते पाहण्यासारखं होतं. एक्केचाळीस डॉलर वीस सेंटचं बिल असलं की ती क्षणभर खिडकीबाहेर बघायची आणि लिहायची सात डॉलर बेचाळीस सेंट. साडेसात नाही, आठ नाही. बेरजेखाली दोन रेघा. मग सही, शाळेत गिरवून घेतल्यासारखी, एकही अक्षर न मोडलेली.

“एखादा डॉलर वर टाकलास तर बँक बुडेल का गं आपली?” हॉलिस तिला चिडवायचा.

“अठरा टक्के म्हणजे अठरा टक्के,” ती म्हणायची. “मार्लिसला दानधर्म नकोय, हिशेब हवाय.”

मला खरं तर दानधर्मही चालला असता. आमचा पगार तासाला तीन डॉलरसुद्धा नाही, बाकी सगळं त्या मधल्या ओळीवर. पण तिचा तो सात बेचाळीस मला आवडायचा. तेवढं कुणी माझ्यासाठी डोकं चालवत नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत, ईस्टरआधीच्या उपवासाचे, मटण-चिकन न खायचे शुक्रवार चालू होते. मासे खाणाऱ्यांची दुपारपासून रांग. ब्रँट मंडळी उठून गेल्यावर मी फोल्डर उघडला तर मधल्या ओळीतही एक्केचाळीस वीस लिहिलेलं. खाली एकूण ब्याऐंशी चाळीस. बेरीज बरोबर होती, दोन रेघाही होत्या.

मी तशीच बाहेर पळाले. बर्फाळ पाऊस पडत होता. जिनेव्हा गाडीच्या दारात किल्ली धरून उभी होती. मी पावती तिच्यापुढे धरली आणि हसत म्हटलं, “जिनेव्हा, आज लॉटरी लागली का तुम्हाला?”

तिनं कागद हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग ती हसली, पण ते हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या परक्या घरात चुकून शिरलेलं माणूस हसतं तसं. “अगं, हे कसं झालं,” ती म्हणाली, आणि माझ्याकडून पेन घेऊन तिनं आकडा खोडला. खोडला, पण नवा लिहिता येईना. पेन कागदावर टेकवून ती उभी राहिली. शाई पावसात पसरली. शेवटी मीच म्हटलं, “राहू दे, मी आत करते सगळं.” हॉलिस गाडीत बसला होता. त्यानं मान आमच्याकडे वळवली नाही, पण त्याला सगळं ऐकू आलं होतं.

पुढच्या शुक्रवारी जिनेव्हा हात धुवायला गेली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं.

“पोरी, एक सांगतो. पुन्हा असं झालं तर तिला दाखवू नकोस.”

“मला वाटलं, चूक झाली तर...”

“दोन दिवस जेवली नाही ती. जुनी बँकेची पुस्तकं काढून बसली, सगळ्या बेरजा तपासत.” त्याचे हात टेबलाच्या कडेवर होते, जाडजूड, बोटांची पेरं वाकडी. “डॉक्टरनं सांगितलंय काय ते. पुढं वाढतच जाणार. मला दिसत नाही, नाहीतर मीच बघितलं असतं. तेव्हा तू बघ. ती काहीही लिहू दे. तू आत जाऊन जे बरोबर असेल ते टाक. मशीन तुझ्या हातात आहे ना?”

“आहे.”

“मग झालं. तुझ्यावर सोडलं.” आणि मग तो जरा हसला. “माझे डोळे गेले, तिचं डोकं जायला लागलंय. दोघांचं मिळून एक माणूस होत होतं इतके दिवस. आता तिसरा भिडू तू.”

मी तसंच करत राहिले. जिनेव्हा कधी बरोबर लिहायची, कधी चारशे, कधी तारीखच लिहून ठेवायची. मी फोल्डर मिटून आत न्यायचे आणि सात बेचाळीस टाकायचे. एप्रिलमध्ये तिनं गाडी चालवणं सोडलं. मग म्हाताऱ्या माणसांना नेणारी गावातली छोटी बस त्यांना दारात सोडायची आणि तासाभरानं न्यायला यायची. सूप आता ती चमच्यानं नुसतं ढवळत बसायची. पण पावती आली की ताठ व्हायची. पेन हातात घ्यायची आणि आजूबाजूचं सगळं विसरायची. सही अजूनही तशीच होती.

जूनमध्ये माझा पुढचा दात तुटला. टोस्ट चावताना, घरीच, सिंकपाशी उभी असताना. निम्मा दात हातात आला. दातांच्या डॉक्टरनं अकराशे डॉलर सांगितले, आणि निम्मे आधी भरल्याशिवाय तो हात लावणार नव्हता. माझ्याकडे तेव्हा तेवढे नव्हते. मुलगी टेनेसीत, तिचंच तिला पुरत नव्हतं. मी ओठ मिटून वाढू लागले. आमच्या कामात ओठ मिटून चालत नाही. लोकांना वाटतं बाई रागावलीय, आणि मधली ओळ आखडते. तीन आठवड्यांत माझी मिळकत चौथाईनं उतरली.

हॉलिसला दात दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी तो म्हणाला, “मार्लिस, तुझ्या ‘स’मधून वारा जातोय.”

“दात तुटलाय.”

“पुढचा?”

“पुढचाच.”

“अरेरे,” तो म्हणाला. “बस आता शिटी मारत.”

त्याच शुक्रवारी जिनेव्हानं मधल्या ओळीत सत्तर लिहिलं. खाली एकशे अकरा वीस, दोन रेघा, सही. मी मशीनपाशी उभी राहिले. मागं स्वयंपाकघरातून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं, ताटं तयार होती. मी सात बेचाळीस टाकायला बोट उचललं आणि सत्तर टाकलं.

मी स्वतःला काय सांगितलं ते सांगते. मी म्हटलं, हे तिच्या हातचं आहे. तिची सही आहे. कोणत्याही कोर्टात हे चालेल. मी एक सेंट वाढवून टाकलेला नाही, जे कागदावर आहे तेच टाकलंय. हे सगळं खरं होतं. म्हणूनच मला ते पुढच्या शुक्रवारीही करता आलं.

सगळे मिळून अकरा शुक्रवार झाले. प्रत्येक वेळी तिनं जे लिहिलं ते. त्याखेरीज एकदा तिनं चारशे लिहिलं, तेव्हा मी सात बेचाळीस टाकलं आणि त्या दिवशी मला आपण फार सरळ बाई आहोत असं वाटलं. ऑगस्टमध्ये दात बसला. त्यानंतर थांबायला हरकत नव्हती, पण थांबले नाही. गाडीचं टायर होतं, विजेचं बिल होतं. काहीतरी असतंच.

सप्टेंबरच्या शेवटी कोरीननं नवी मशीनं आणली. कोरीन म्हणजे आमची मालकीण, जुन्या मालकाची मुलगी. हातात मावणारी, फोनसारखी यंत्रं. आता कार्ड टेबल सोडून कुठं जायचं नाही. गिऱ्हाइकासमोर यंत्र धरायचं, त्यानं कार्ड टेकवायचं, मग काचेवर तीन चौकोन येतात, अठरा, वीस, पंचवीस टक्के. त्यानं बोट लावायचं. कागद नाही, पेन नाही, फोल्डर नाही.

“आणि टिपेच्या चौकोनाला आपण बोट लावायचं नाही,” कोरीननं सगळ्यांना उभं करून सांगितलं. “कुणी म्हातारं म्हणालं, ‘तूच दाब गं’, तरी नाही. मला तक्रारी नकोत.”

पहिल्या शुक्रवारी मी ते यंत्र जिनेव्हापुढे धरलं. तिनं आधी ते उलटं करून मागून बघितलं.

“हे काय आहे?”

“आता याच्यावरच पैसे द्यायचे, जिनेव्हा. इथं कार्ड टेकवा.”

तिनं टेकवलं. यंत्र टिंग वाजलं तशी ती दचकली. चौकोन आले. ती माझ्याकडे बघायला लागली, मग हॉलिसकडे, मग परत काचेकडे. काच विझली. मी पुन्हा पेटवली.

“लिहायचं कुठं?” ती म्हणाली. “माझी ओळ कुठं आहे?”

“लिहायचं नाही आता. नुसतं बोट लावायचं.”

“सही?”

“तीही बोटानं.”

तिनं बोट काचेवर ठेवलं आणि ओढलं. एक वेडीवाकडी रेघ उमटली. ती रेघ बघून तिचा चेहरा असा झाला की मी यंत्र मागं घेतलं. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवायची थांबली होती.

“मार्लिस,” हॉलिस हळूच म्हणाला, “तूच दाब.”

मी दाबलं. अठरा. सगळ्यांच्या देखत. मला हायसं वाटलं, कारण आता माझ्या हातात काही राहिलं नव्हतं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. मग मी ऑर्डर लिहायच्या वहीतला एक कोरा कागद फाडला, त्यावर तीन रेघा आखल्या आणि पेनासकट तिच्यापुढं ठेवला. तिनं आकडे लिहिले, कसलेही. दोन रेघा मारल्या. सही केली. कागद माझ्याकडे सरकवला आणि कोट चढवायला उठली, एक काम नीट पार पडल्यासारखी. कोरीननं लांबून पाहिलं आणि ती गल्ल्याकडे वळली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी त्यांच्याबरोबर नॉरीन आली. त्यांची एकुलती एक मुलगी, कोलंबसला असते, पन्नाशीची, नीटनेटकी. ती माझ्याशी हसून बोलली, आणि आज काय चांगलं आहे असं मला विचारून तिनं मासे मागवले. आईच्या ताटातले काटे तिनं काढून दिले. तोवर मला काही वाटलं नाही. मी यंत्र नेलं तसं तिनं हात पुढं केला.

“मी करते, आई.” तिनं कार्ड टेकवलं. “अठरा टक्के. तुम्ही नेहमी तेवढंच देत होतात ना, बाबा?”

“तेवढंच,” हॉलिस म्हणाला.

“नाही, बाबा. बँकेचे कागद आता माझ्याकडे येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ दर शुक्रवारी शंभर, एकशे अकरा, एकशे सात. दोन ताटं माशांसाठी.” मग ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही. “तुम्ही मला जरा समजावून सांगता का?”

माझ्या तोंडात शब्द होते. नव्हते असं म्हणणार नाही. ‘तिनं लिहिलं ते मी टाकलं’ हेही होतं आणि ‘मी चुकले’ हेही होतं. दोन्हींपैकी कुठलं आधी बाहेर येईल हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. तेवढ्यात हॉलिस बोलला.

“तिला काय विचारतेस? मला विचार. मीच सांगायचो तुझ्या आईला जास्त लिही म्हणून.”

“तुम्ही?”

“तिचा दात तुटला होता. पुढचा. अकराशे डॉलर मागत होता तो डॉक्टर.”

हा आकडा मी त्याला कधी सांगितला नव्हता. मी कोरीनशी बोलत असताना त्यानं ऐकला असणार.

नॉरीननं यंत्र टेबलावर ठेवलं. “बाबा, वरच्या मजल्यावर छप्पर गळतंय. मी दुरुस्त करा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, एवढ्यात जमणार नाही.”

“माझे पैसे आहेत.”

“आहेतच. पण आईला आता काही कळत नाही, आणि तुम्ही असे आठवड्याला साठ-सत्तर डॉलर वाटताय. डॉक्टर मला मागच्या महिन्यापासून विचारतायत, हे दोघं एकटे कसे राहतात. मी त्यांना सांगत होते, बाबांचं डोकं शाबूत आहे, ते बघतात सगळं.” तिचे डोळे भरले होते. “आता मी काय सांगू?”

हॉलिस तिच्या आवाजाकडे तोंड करून बसला. तो काय म्हणतो याची मी वाट बघत होते. त्यानं फक्त एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं की मी खोटं बोललो. मीही फक्त एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं की ते खोटं बोलतायत. जिनेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “माझा कागद?” आणि मी वहीतला कागद फाडायला गेले तर नॉरीन म्हणाली, “नको, प्लीज. हे खेळ नकोत.”

नऊ नंबरच्या टेबलानं कॉफीसाठी हात वर केला. मी कॉफी घेऊन गेले. परत आले तेव्हा ते निघून गेले होते.

नोव्हेंबरमध्ये कळलं की त्यांचं घर विकलं गेलं. मिल स्ट्रीटवरचं, हिरव्या पायऱ्यांचं. मला सोमवारी सुट्टी असते. मी चारशे डॉलर पाकिटात घातले आणि सकाळी गेले. दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत खोकी रचलेली, भिंतीवर फोटो काढून घेतलेल्या जागी फिकट चौकोन. नॉरीन खोकी आणायला दुकानात गेली होती. जिनेव्हा खिडकीशी खुर्चीत जुनी पाकिटं आकारानं लावत बसली होती.

“कोण?” हॉलिस म्हणाला.

“मी. मार्लिस.”

“बस. खुर्ची सापडली तर.”

मी बसले नाही. पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं अंगठ्यानं चाचपून बघितलं.

“किती आहेत?”

“चारशे. बाकीचे मी...”

“सहाशे चौदा झाले होते,” तो म्हणाला. “बँकेतली बाई दर सोमवारी फोनवर वाचून दाखवायची मला. नॉरीनला माहीत नाही ते.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“दुसऱ्या शुक्रवारपासून.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यानं पाकीट हातात फिरवलं. “बोललो असतो तर तू पुन्हा आमच्या टेबलाशी आली नसतीस. दुसरी कुणी आली असती. तिनं कागद जिनेव्हाच्या नाकासमोर धरला असता. तू फोल्डर मिटून न्यायचीस. मी म्हटलं, चला, त्याचे पैसे देतोय असं समजू.” त्यानं पाकीट शेजारच्या खोक्यावर ठेवलं. “पण मला वाटायचं, तू आपणहून थांबशील. दर सोमवारी फोन लावताना वाटायचं, आज ती बाई सात बेचाळीस म्हणेल.”

मला रडू आलं. त्याला ते ऐकू आलं असणार, पण त्यानं काही केलं नाही.

“मी नॉरीनला सांगते. सगळं खरं सांगते. तुम्ही काही वाटत नव्हतात, तुमचं डोकं ठीक आहे, हे तिला कळायला हवं.”

“सौदा झालाय घराचा. तिकडं कोलंबसला दोन खोल्या घेतल्यात त्या म्हाताऱ्यांच्या जागेत. अनामत भरलीय.”

“तरीपण.”

“तुला सांगायचं असेल तर सांग,” तो म्हणाला. “पण माझ्यासाठी सांगतेयस असं म्हणू नकोस.”

जिनेव्हानं तेव्हा मान वर केली. माझ्याकडे अगदी ओळखीनं बघितलं, पण ती ओळख माझी नव्हती. “तुझं पगाराचं पाकीट शुक्रवारी मिळेल,” ती कडक आवाजात म्हणाली. “सोमवारी मी कुणालाही देत नाही. रांगेत उभी राहा सगळ्यांसारखी.”

“हो, जिनेव्हा,” मी म्हटलं.

बाहेर पडताना नॉरीनची गाडी दारात येत होती. मी थांबायला हवं होतं. मी मागच्या गल्लीनं गेले.

नॉरीनला फोन मी केला तो ख्रिसमस होऊन गेल्यावर. नंबर कोरीनकडून घेतला. दुपारची वेळ होती, रेस्टॉरंट रिकामं होतं, मी मागच्या दाराशी कोट घालून उभी होते. मी जूनपासून सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. हॉलिसनं माझ्यावर काय सोपवलं होतं तेही.

“तुम्ही हे तेव्हा टेबलाशी बोलला असतात,” ती म्हणाली, “तर मी त्यांना आणलं नसतं. निदान एवढ्यात नाही. एखादी बाई घरी येऊन बघून गेली असती, तेवढ्यावर भागलं असतं.”

“मला माहीत आहे.”

“बाबा इथं जेवणाच्या खोलीत जात नाहीत. म्हणतात, ताटात काय आहे ते कुणी सांगत नाही. आई दिवसभर कागद मागते.” ती थांबली. “तुम्हाला माझ्याकडून काय हवंय, मार्लिस?”

मी म्हटलं, काही नको.

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

जिनेव्हा मार्चमध्ये गेली. इथल्याच पेपरात चार ओळी आल्या होत्या, काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं पगार विभागात काम, पती आणि मुलगी मागे. दफन इथंच, टेकडीवरच्या दफनभूमीत, तिच्या आईबापांशेजारी. मी कोरीनला सांगून दोन तास सुट्टी घेतली, काळा कोट घातला आणि गेले. फाटकापाशी गाडी लावली. वीस-पंचवीस माणसं होती, बरीचशी म्हातारी, कारखान्यातली असणार. नॉरीननं हॉलिसचा दंड धरला होता आणि ती त्याला वाटेतले दगड सांगत होती. तो बारीक झाला होता. कोट त्याच्या अंगावर लोंबत होता. खड्ड्यापाशी पोचल्यावर त्यानं दंड सोडवून घेतला आणि एकटा उभा राहिला. तोंड जरा बाजूला वळवून, कडेकडेनं जेवढं दिसत होतं तेवढं तो बघत होता.

मी गाडीतून उतरले नाही. काच खाली केली होती, पण वारा उलट्या बाजूचा होता, पाद्री काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. लोक पांगायला लागले तशी मी गाडी सुरू केली. साडेचारला माझी टेबलं सुरू होणार होती.